शिक्षकाचे वाक्य आणि मुलाचा प्रतिध्वनी : स्वमग्न विद्यार्थ्यांच्या अध्यापनपद्धतींची भाषिक समीक्षा

स्वमग्न मुलांच्या शिक्षणाविषयी गेल्या आठ दशकांत जे लिहिले गेले त्यात मुलाच्या बोलण्याचे वर्णन विपुल आढळते. शिक्षकाच्या बोलण्याचा विचार त्या मानाने फारच थोडा. मूल प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच परत उच्चारते, 'मी'च्या जागी 'तू' म्हणते, पूर्वी कधीतरी ऐकलेले वाक्य भलत्याच प्रसंगी बोलते, ही लक्षणे सर्वत्र नमूद केलेली असतात. परंतु प्रतिध्वनी हा नेहमी कशाचा तरी प्रतिध्वनी असतो. ज्या वाक्याचा तो प्रतिध्वनी आहे ते वाक्य कोणी उच्चारले, कोणत्या रचनेत आणि कोणत्या पुरुषात व लिंगात उच्चारले, हा प्रश्न अध्यापनपद्धतींच्या चर्चेत सहसा उपस्थितच होत नाही. मराठी वर्गाच्या दृष्टीने ही उणीव विशेष जाणवते. कारण आज प्रचलित असलेल्या प्रमुख पद्धती अमेरिकेतील इंग्रजीभाषक वर्गांत घडल्या, आणि इकडे येताना त्या आपल्याबरोबर इंग्रजी वाक्याचा सांगाडाही घेऊन आल्या. शिक्षकाच्या वाक्याकडे लक्ष ठेवून ह्या पद्धती तपासल्या म्हणजे त्यांचे गुणदोष काहीसे निराळे दिसू लागतात.

प्रारंभ लिओ कॅनर ह्यांच्यापासूनच करावा लागतो. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील ह्या मनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि स्वमग्नता ही एक स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकाला परिचित झाली. त्या अकरांपैकी आठ मुले बोलत होती, तीन बोलत नव्हती. विचारविनिमयाचे साधन म्हणून भाषेकडे पाहिले तर ह्या आठांत आणि त्या तिघांत मूलतः काही भेद नाही, असा कॅनर ह्यांचा निर्णय होता. निर्णय कठोर आहे, आणि त्याच वृत्तांतातील पुरावा त्याला सर्वस्वी पोषक नाही. डोनाल्ड नावाच्या मुलाला वडिलांनी एकदा सांगितले की 'येस' म्हणालास तर खांद्यावर घेईन. तेव्हापासून डोनाल्डच्या तोंडी 'येस' ह्या शब्दाचा अर्थ 'मला खांद्यावर घ्या' असा स्थिर झाला. शब्द चुकला खरा. परंतु मागणी चुकली नाही, आणि ती ज्याच्याकडे करावयाची तो माणूसही चुकला नाही. ह्याला विचारविनिमय म्हणावयाचे नाही तर कशाला म्हणावयाचे?

कॅनर ह्यांच्या प्रांजळपणाची खूण अशी की तीन वर्षांनी, १९४६ साली, त्यांनी स्वतःच ह्या विषयावर दुसरा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकात अशा बोलण्याला 'असंबद्ध' आणि 'रूपकात्मक' अशी दोन विशेषणे जोडलेली आहेत. पण आतील उदाहरणे पहिल्या विशेषणाला छेद देणारी आहेत. त्यातील एक पाच वर्षांचा मुलगा अधूनमधून म्हणे की कुत्र्याला सज्जातून खाली टाकू नकोस. जवळपास कुत्राही नसे आणि सज्जाही नसे. चौकशी केल्यावर कळले ते असे : तीन वर्षांपूर्वी लंडनमधील एका हॉटेलाच्या सज्जातून तो आपला खेळण्यातला कुत्रा वारंवार खाली टाकीत होता, आणि तो आणून आणून कंटाळलेल्या आईने त्रासून त्याला हे वाक्य ऐकविले होते. पुढे कोणतीही वस्तू फेकण्याचा मोह झाला की तो ह्या वाक्याने स्वतःलाच दटावी. म्हणजे संबंध होता. तो फक्त ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हता. असंबद्धता हा येथे वाक्याचा गुण नसून ऐकणाऱ्याच्या अज्ञानाचे नाव आहे.

हे सूत्र कॅनर ह्यांच्या हाती आले होते. तथापि पुढील दोन दशकांत वर्गाध्यापनाने ते उचलले नाही. जे उचलले गेले ते वर्तनवाद्यांचे सूत्र. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना स्किनर ह्यांचा १९५७ चा भाषिक वर्तनावरील ग्रंथ आणि चॉम्स्की ह्यांनी १९५९ साली 'लँग्वेज' ह्या नियतकालिकात केलेले त्याचे परीक्षण ही जोडी परिचित असते, आणि त्या परीक्षणाने वाद संपला अशी समजूतही बहुधा असते. भाषाविज्ञानाच्या वर्गांपुरती ती खरी असेल. स्वमग्न मुलांच्या वर्गांत स्किनर आजही जिवंत आहेत, आणि तेथील शिक्षक त्यांच्याच परिभाषेत बोलतात. हा काही केवळ योगायोग नव्हे. चॉम्स्की ह्यांच्या सिद्धान्तात शिकविणाऱ्याला फारसे काम नाही. स्किनर ह्यांच्या सिद्धान्तात ते आहे, आणि ज्याच्यासमोर न बोलणारे मूल बसलेले आहे त्याला कामच हवे असते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत ओले इव्हार लोवास ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात जी पद्धत रूढ केली तिचा गाभा साधा आहे. शिक्षकाने एक छोटी सूचना द्यावी, मुलाने प्रतिसाद द्यावा, बरोबर प्रतिसादाला तत्काळ बक्षीस मिळावे, आणि हे शेकडो वेळा व्हावे. ज्या काळी ही मुले शिकू शकतात हेच पुष्कळांना मान्य नव्हते आणि त्यांना संस्थांच्या भिंतींआड ठेवले जात होते, त्या काळी ती शिकतात हे दाखविण्याचे श्रेय ह्या पद्धतीला दिलेच पाहिजे. मात्र त्याबरोबर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रारंभीच्या प्रयोगांत विजेच्या धक्क्यासारख्या शिक्षांचाही वापर झाला होता. पुढील काळात पद्धतीच्या अनुयायांपैकी बहुतेकांनी तो मार्ग सोडला. लोवास ह्यांच्या १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासात आठवड्याला सुमारे ४० तास शिकविलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत यशस्वी झाली असे नमूद आहे. पण कोणते मूल कोणत्या गटात जावे हे सोडतीने ठरविलेले नव्हते, आणि त्या अभ्यासावरील मुख्य आक्षेप तोच राहिला आहे.

भाषिक दृष्टीने मात्र आक्षेप निराळा आहे. ह्या पद्धतीत प्रतिध्वनी हा दोन कामांसाठी वापरला जातो आणि तो दोन्ही वेळा निरनिराळ्या न्यायाने तोलला जातो. शिक्षक 'म्हण : चेंडू' असे सांगतो तेव्हा प्रतिध्वनी हे यश असते, शिक्षक 'हे काय आहे?' असे विचारतो आणि मूल 'काय आहे?' म्हणते तेव्हा तोच प्रतिध्वनी दोष ठरतो. दोन वाक्यांतील भेद मुलाने कशावरून ओळखावा? तो भेद शिक्षकाच्या हेतूत आहे, आणि हेतू ओळखणे हीच तर ह्या मुलांची अडचण म्हणून सांगितली जाते. १९७८ साली श्रायबमन व कार ह्या दोन संशोधकांनी ह्यावर एक उपाय प्रसिद्ध केला. ज्या प्रश्नांचे उत्तर मुलाला येत नाही त्यांवर प्रश्न परत न उच्चारता 'मला माहीत नाही' असे म्हणण्यास त्यांनी मुलांना शिकविले. मुले ते शिकली आणि नव्या प्रश्नांनाही तेच उत्तर देऊ लागली. प्रयोग म्हणून तो नेटका आहे. परंतु त्यातून जे साधले त्याचे स्वरूप नीट पाहिले तर एका उसन्या वाक्याच्या जागी दुसरे उसने वाक्य आले एवढेच दिसते. दुसरे वाक्य वर्गात शोभते, पहिले शोभत नाही. पहिल्यात निदान प्रश्न पोहोचल्याची आणि मूल संवादात आपली पाळी घेत असल्याची खूण होती.

ही खूण प्रथम पद्धतशीरपणे वाचली ती बॅरी प्रिझंट व ज्युडिथ ड्युकन ह्यांनी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चारच मुले आहेत, पण त्यांचे हजाराहून अधिक प्रतिध्वनित उद्गार चित्रफितींवरून तपासलेले आहेत. उद्गाराबरोबर मुलाची नजर कोठे होती, हात कशाकडे गेला, पुढे त्याने काय केले, हे सर्व त्यांनी पाहिले, आणि तात्काळ प्रतिध्वनीची सात कार्ये निश्चित केली. त्यांत कोणतेही लक्ष्य नसलेला प्रतिध्वनी हे एक कार्य आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. सर्वच प्रतिध्वनी अर्थपूर्ण असतात असा त्यांचा दावा नाही. परंतु उरलेल्या सहांत संवादातील आपली पाळी घेणे, वस्तूकडे लक्ष वेधणे, मनाशी घोकणे, स्वतःच्या कृतीला वळण देणे, होकार देणे आणि मागणे ही कार्ये आहेत. १९८४ साली प्रिझंट व रायडेल ह्यांनी विलंबित प्रतिध्वनीचीही अशीच छाननी करून चौदा कार्ये नोंदविली. कॅनर ह्यांच्या सज्जाच्या कथेला आता शास्त्रीय वर्गीकरणात स्थान मिळाले.

वर्गात ह्याने काय फरक पडतो हे एका कल्पित प्रसंगावरून स्पष्ट होईल. मधल्या सुटीत खेळताना सहा वर्षांचा एक मुलगा पडतो, त्याचे कोपर दुखावते, आणि तो बाईंकडे येऊन 'तुला लागलं का?' असे म्हणतो. घरी पडल्यावर आई जे विचारते तेच हे वाक्य आहे; दुखण्याच्या प्रसंगाशी जोडलेले त्याच्याजवळचे एकमेव वाक्य. बाई म्हणतात, 'नाही रे, मला कुठे लागलंय? जा, जागेवर बस.' मुलगा जागेवर जाऊन बसतो किंवा ओरडू लागतो. ओरडला तर वर्तनाच्या नोंदवहीत तशी नोंद होते. कोपराची नोंद कोठेच होत नाही. येथे सर्वनामांचा विपर्यास हे लक्षण म्हणून बाईंना पाठ असूनही उपयोग झाला नाही, कारण लक्षण ओळखणे आणि वाक्य वाचणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वनामांच्या ह्या विपर्यासाची मीमांसा हा ह्या क्षेत्रातील एक बोधप्रद अध्याय आहे. ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की हे मूल 'मी' हा शब्द टाळते ते स्वतःचे अस्तित्वच नाकारते म्हणून. आणि ह्या नकाराचे खापर त्यांनी मातांवर फोडले. ह्या मताने कित्येक कुटुंबांना विनाकारण अपराधी ठरविले. १९७४ साली बार्टक व रटर ह्यांनी एक अगदी साधा प्रयोग केला. निरनिराळ्या स्थानी सर्वनामे असलेली वाक्ये त्यांनी मुलांना पुन्हा म्हणावयास दिली. मुलांचा कल वाक्याचा शेवटचा भाग उच्चारण्याकडे होता, आणि इंग्रजीत 'मी' हे सर्वनाम बहुधा वाक्याच्या आरंभी येत असल्यामुळे तेच गळत होते. शेवटी ठेवले असता तेही उच्चारले जाई. ज्याला आत्म्याचा नकार समजले गेले तो पुष्कळ अंशी शब्दक्रमाचा परिणाम होता. मनोविश्लेषणाच्या एका भव्य इमारतीखालची वीट इतक्या अल्प खर्चात काढून घेतली गेल्याची उदाहरणे थोडीच असतील.

आता हेच निरीक्षण मराठीला लावून पाहावे. मराठी वाक्यात सर्वनाम आरंभी येते आणि पुष्कळदा येतच नाही. क्रियापद शेवटी येते, आणि पुरुष व लिंग ह्यांची खूण त्या क्रियापदालाच लागते. 'काय करतोस?' ह्या प्रश्नात 'तू' उच्चारलेला नाही, पण 'करतोस'मधील 'स' त्याचे काम करतो. मूल वाक्याचा शेवट उचलणार असेल तर मराठीत ते नेमका तो भाग उचलील ज्यात बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याचे नाते कोरलेले आहे. म्हणून मराठीत ह्या विपर्यासाचा शोध सर्वनामांत न घेता प्रत्ययांत घेतला पाहिजे. 'मी' आणि 'तू' ह्यांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्या आयत्या चाचण्या, भाषांतरित होऊन मराठीत आल्या तरी, येथे पुष्कळ काही पाहणारच नाहीत.

शिवाय मराठी प्रत्यय इंग्रजीत न मिळणारी एक माहिती देतो. एखादा मुलगा 'मी देते' म्हणाला तर ते वाक्य त्याने बहुधा स्त्रीच्या तोंडून ऐकले आहे; 'घेतोस का?' म्हणाला तर ते मुलग्याला उद्देशून विचारलेले आहे, म्हणजे बहुधा त्यालाच विचारलेले आहे. निदान झालेल्या मुलांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि बालवर्गांत व घरात त्यांच्याशी बोलणाऱ्या बहुधा स्त्रिया असतात. त्यामुळे लिंगप्रत्ययाची ही विसंगती वारंवार समोर येण्याचा संभव आहे. चूक म्हणून ती दुरुस्त करण्याची घाई होते. वस्तुतः ती उगमाची चिठ्ठी आहे. अर्थात ही चिठ्ठी सर्वत्र सारखी वाचता येणार नाही. कोल्हापूरकडे स्त्रियांच्या तोंडीही 'मी आलो', 'मी जातो' अशी रूपे येतात, आणि प्रमाण बोलीवर बेतलेला निष्कर्ष तेथे फसेल. मुलाच्या घरची बोली कोणती, हे शिक्षकाला आधी माहीत असले पाहिजे.

प्रतिध्वनीच्या ह्या स्वभावातून अध्यापनासाठी एक गोष्ट सरळ निष्पन्न होते. मूल जे वाक्य परत करणार आहे ते परत आल्यावर बरोबर ठरेल अशा रचनेत शिक्षकाने बोलावे. मराठीत ही सोय जन्मजात आहे, आणि ती वापरली जात नाही हे नवल. 'जेवलास का?' ह्या प्रश्नाला 'जेवलास' हे उत्तर चुकते, कारण उत्तरात 'जेवलो' असा पालट करावा लागतो. पण 'जेवण झालं का?' ह्या प्रश्नाला 'झालं' हे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे, आणि कोणत्याही घरात मोठी माणसे तेच देतात. 'आंघोळ झाली?' 'झाली.' 'भूक लागली का?' 'लागली.' 'डोकं दुखतं का?' 'दुखतं.' 'आवडलं?' 'आवडलं.' ज्या वाक्यांत अनुभवणारी व्यक्ती 'मला' किंवा 'तुला' अशा रूपात असते आणि क्रियापद त्या व्यक्तीप्रमाणे न चालता अनुभवलेल्या वस्तूप्रमाणे चालते, त्या सर्व वाक्यांत वक्ता बदलला तरी क्रियापद बदलत नाही. गरज, आवड, भूक, वेदना, समज, आठवण ही मुलाच्या अंतरंगाची सारी क्षेत्रे मराठीने ह्याच रचनेकडे सोपविलेली आहेत. इंग्रजी शिक्षकाला होकार शिकविण्यासाठी 'येस' हा स्वतंत्र शब्द शिकवावा लागतो, आणि त्याचे काय होऊ शकते ते डोनाल्डच्या बाबतीत दिसलेच. मराठीत क्रियापदाचा प्रतिध्वनी हाच होकार आहे.

ह्यावर एक रास्त शंका येईल. अशा प्रश्नांना मूल बरोबर उत्तर देऊ लागले तरी त्याला कळले कशावरून? 'समजलं का?' 'समजलं' ह्या देवघेवीने तर निरोगी वर्गातही दररोज फसवणूक होते. शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर रचनेत नाही, तपासणीत आहे. भरलेला पेला समोर ठेवून 'पाणी संपलं का?' असे मधूनच विचारावे. 'पोळी की भात?' असे विचारल्यावर 'भात' आले तर क्रम उलटून 'भात की पोळी?' असे पुन्हा विचारावे, आणि शक्य तर दोन्ही ताटल्या पुढे ठेवाव्यात. प्रतिध्वनीतून होकार वेगळा काढण्याचे हे काम कष्टाचे आहे. परंतु चुकीच्या ठरणाऱ्या प्रतिध्वनीत मुलाला दिवसभर दुरुस्त करीत राहण्यापेक्षा ते निश्चितच बरे.

पुरुषभेद कधीतरी शिकवावा लागेलच, आणि येथे टेबलासमोर एकट्या मुलाला बसवून शिकविण्याच्या पद्धतीतील सर्वांत मोठा दोष उघड होतो. 'मी' आणि 'तू' हे शब्द कोणा एकाची नावे नव्हेत. बोलणारा बदलला की ते बदलतात. येस्पर्सन ह्यांनी १९२२ साली अशा शब्दांकडे लक्ष वेधून त्यांना 'स्थानांतर करणारे' ह्या अर्थाचे नाव दिले होते. ज्या मुलाशी दिवसभर एकच व्यक्ती समोरासमोर बोलते, त्याच्या कानांवर येणारा प्रत्येक 'तू' त्याच्यासाठीच असतो. मग 'तू' हे आपलेच नाव आहे असा निष्कर्ष त्याने काढला तर तो तर्कशुद्धच म्हणावा लागेल. युरिको ओशिमा-ताकाने ह्यांनी १९८८ साली दाखविले की लहान मुले सर्वनामांचा हा खेळ, त्यांना उद्देशून नसलेल्या, दुसऱ्या दोघांच्या बोलण्यातून शिकतात. ती मुले स्वमग्न नव्हती, आणि त्या निष्कर्षाचा विस्तार जपूनच केला पाहिजे. तरीही एका मुलासमोर दोन मोठ्या माणसांनी, किंवा त्याहून बरे म्हणजे दोन वर्गबंधूंनी, 'मी देतो, तू घे' असे करून दाखविणे हा प्रयोग करण्यासारखा आहे. आणि तो एकट्या मुलाच्या खोलीत होऊ शकत नाही. स्वमग्न मुलाला सर्वसाधारण वर्गात घ्यावे की नाही हा वाद सहसा दयाबुद्धीच्या किंवा हक्काच्या भाषेत होतो. हक्काचा प्रश्न आपल्या देशापुरता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सोडविला आहे : त्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि समावेशक शिक्षण हे शासनाचे कर्तव्य ठरले आहे. व्याकरणाच्या बाजूनेही त्याच पारड्यात एक वजन पडते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

चित्रांच्या विनिमयावर आधारलेली, 'पेक्स' ह्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट ह्यांनी १९८५ मध्ये डेलावेअर राज्यात तयार केली. तिच्या पहिल्या पायरीवर शिक्षक मुद्दाम काहीच बोलत नाही : समोरच्या व्यक्तीच्या हाती हव्या असलेल्या वस्तूचे चित्र देण्यास मागे बसलेली दुसरी व्यक्ती मुलाचा हात धरून मदत करते. प्रतिध्वनीच्या दृष्टीने ही कल्पना अत्यंत मार्मिक आहे. शिक्षकाने प्रश्नच विचारला नाही तर परत करण्यास प्रश्नच उरत नाही, आणि संवादाचा आरंभ मुलाकडे येतो. अडचण चौथ्या पायरीवर येते. तेथे मुलाने एका पट्टीवर 'मला हवे' ह्या अर्थाचे एक कार्ड आणि वस्तूचे दुसरे कार्ड लावून वाक्य करावयाचे असते. इंग्रजीत ती दोन्ही पदे वस्तूच्या आधी, सलग आणि अविकारी येतात. म्हणून एक कार्ड पुरते. मराठीत तेच वाक्य दुभंगते : 'मला' आधी, वस्तू मध्ये, क्रियापद शेवटी. शिवाय आंबा 'हवा', पोळी 'हवी', दूध 'हवे'. इंग्रजी पट्टीची नक्कल करून 'मला हवे' असे एकच कार्ड आरंभी लावल्यास मुलाच्या हाती जे वाक्य येते ते मराठीत कोणी बोलत नाही, आणि ते वर्षानुवर्षे त्याच्या तोंडी राहण्याचा धोका असतो. तोड भाषेतच आहे : 'पाहिजे' हे रूप एकवचनात तिन्ही लिंगांना चालते, म्हणून पट्टीच्या दोन टोकांना 'मला' आणि 'पाहिजे' ही कार्डे कायमची ठेवून मधली जागा तेवढी मोकळी ठेवता येते. अनेकवचनातील 'पाहिजेत' पुढे पाहता येईल.

ह्या पद्धतीवरील दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. तिचा पाया स्किनर ह्यांनी 'मँड' म्हटलेल्या मागणीवाचक उद्गारावर आहे. पाहिलेले सांगणे हे सहाव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर येते, आणि सर्वच मुले तेथवर पोहोचत नाहीत. अधल्यामधल्या पायरीवर थांबलेल्या मुलाला खाऊ मागता येतो; कोपर दुखते हे सांगता येत नाही, कारण दुखणे ही देवाणघेवाणीची वस्तू नव्हे.

उत्तर कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९७२ पासून राज्यव्यापी झालेली 'टीच' ही योजना बोलण्याकडे कमी आणि पाहण्याकडे अधिक लक्ष देते. कोणते काम, किती काम, ते संपले हे कसे कळावे, आणि पुढे काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे मुलाला तोंडी न देता जागेची मांडणी, टोपल्या, चित्रे आणि दिनक्रमाची पट्टी ह्यांतून दिली जातात. बोललेला शब्द विरतो, पट्टी जागेवर राहते. आपल्याकडील ५०-६० मुलांच्या वर्गात संपूर्ण मांडणी जमणार नाही. एका बाकावरील एक पट्टी मात्र कोठेही जमेल.

मिशिगनमधील शिक्षिका कॅरोल ग्रे ह्यांनी १९९१ पासून प्रचारात आणलेल्या 'सामाजिक गोष्टी' अनेकदा मुलाच्या 'मी'मध्ये लिहिल्या जातात : घंटा वाजली की मी रांगेत उभा राहतो, इत्यादी. उपदेशापेक्षा वर्णन अधिक असावे ही ग्रे ह्यांची अट शहाणपणाची आहे आणि ती सर्वांत जास्त मोडली जाते. मराठीत आणखी एक सावधगिरी हवी. छापील संचातील गोष्ट 'उभा राहतो' अशी असेल आणि वाचणारी मुलगी असेल तर तिच्या 'मी'ला दुसऱ्याचा प्रत्यय लागतो. जे मूल वाक्य जसेच्या तसे साठवते त्याच्या बाबतीत ही क्षुल्लक बाब नव्हे.

शेवटी आपल्या वर्गाच्या स्वतःच्या परंपरेकडे वळावे लागते. 'माझ्यामागून म्हणा' ही मराठी शाळेची सर्वांत जुनी अध्यापनयुक्ती आहे. पाढे, कविता, प्रार्थना ह्या प्रतिध्वनीनेच शिकविल्या जातात, आणि 'महाराष्ट्राची राजधानी मुं...?' असे अर्धवट सोडून वर्गाकडून 'बई' वसूल करण्याची लकब तर सार्वत्रिक आहे. चाळीस मुलांच्या तोंडी जी शिस्त तीच एकेचाळिसाव्याच्या तोंडी विकृती कशी होते, ह्याचा विचार झाला पाहिजे. सामूहिक पाठांतराच्या प्रहरात स्वमग्न मूल पुष्कळदा इतरांच्या बरोबरीने किंवा पुढेही असू शकते. त्या प्रहराला आधुनिक शिक्षणशास्त्राने कमी लेखले म्हणून तो मोडीत काढू नये. अर्धे वाक्य सोडून ते पूर्ण करवून घेण्याची युक्ती तर ह्या मुलांच्या विशेष शिक्षणातही हेतुपूर्वक वापरली जाते.

अलीकडे प्रतिध्वनीपासून स्वतंत्र वाक्यापर्यंत ठरावीक टप्प्यांनी जाणारी एक विकासक्रमाची कल्पना वाक्चिकित्सकांमध्ये लोकप्रिय झाली आहे. अखंड वाक्यखंड आधी आणि त्यांचे विघटन मागाहून, ह्या तिच्या मूळ विचाराला भाषार्जनाच्या अभ्यासात आधार आहे. अॅन पीटर्स ह्यांनी १९८३ च्या ग्रंथात त्याचे विवेचन केले आहे. टप्प्यांच्या शिडीला मात्र अद्याप तसा भक्कम पुरावा नाही, आणि मराठीसारख्या विकारी भाषेत वाक्यखंड कोठे फुटतो हे इंग्रजीवरून ठरविता येणार नाही. 'करतोस'चे 'कर' आणि 'तोस' असे दोन तुकडे मूल कधी करते, हा प्रश्न मराठी सामग्रीवरच सुटेल.

ती सामग्री जमविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. एका वहीत तीन रकाने आखावेत : मुलाचा उद्गार प्रत्ययासह जसाच्या तसा, त्याच्या लगेच आधीचे मोठ्या माणसाचे वाक्य, आणि तो उद्गार मुळात कोठून आला असावा. पहिले दोन रकाने शिक्षक वर्गातच भरू शकेल. तिसरा पुष्कळदा रिकामा राहील, आणि तो भरण्यासाठी संध्याकाळी मुलाला न्यायला आलेल्या आईला थांबवून विचारावे लागेल. लंडनचा सज्जा कॅनर ह्यांनाही आईकडूनच कळला होता.